पंपघरातली नोंदवही

चोवीस जून. पहाटे पाच दहा.
पाणी उणे दोन पूर्णांक एक. वारा नैर्ऋत्येचा, बेताचा.
दोन नंबरचा पंप चालू.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.
रेडिओ सांगत होता, आपण निघालो.
कुठं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आमच्या फेनलँडात जमीन समुद्राच्या खाली आहे.
बटाटे, कोबी, चर्चची पायरी, हे पंपघर,
सगळं बुडायच्या लायकीचं आणि तरी कोरडं,
कारण कुणीतरी रात्रंदिवस उपसत असतं.
बाप उपसायचा. त्याआधी वाफेचं इंजिन, त्याआधी पवनचक्की,
त्याच्याही आधी बाहेरून आलेली डच माणसं,
ज्यांचे बांध आमच्या खापरपणज्यांनी रात्री फोडले.
हे शाळेत शिकवतात. हसत हसत.

मतदान शाळेच्या जेवणघरात होतं.
सुतळीला बांधलेली पेन्सिल.
कुणी म्हणालेलं, पेन्सिलीचं खोडतात, पेन न्या.
मी नेलं. फुली इतकी दाबून मारली
की कागदाच्या पाठीवर उमटली.
डबाबंद मटारचा कारखाना गेला, बाजाराची बस गेली,
डॉक्टर तीन आठवड्यांनी भेटतो,
आणि आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं.
विचारलं, तर मी ओरडून सांगितलं.

बेरिल शेजारच्या खोक्यात होती.
तिची पेन्सिल बराच वेळ कागदाला टेकलीच नाही.
एकेचाळीस वर्षांचा संसार,
तिनं काय केलं ते मला अजून माहीत नाही.
विचारलं की म्हणते, चहा घेणार?

एक घाव दोन तुकडे, म्हणाले होते.
घाव झाला. तुकडे अजून मोजतायत.
ज्यानं दार उघडलं तो गेला,
ज्यांनी ढकललं ते बाजूला सरकले,
दार तेवढं सताड.
आमच्यात 'येतो' म्हणून निघायची रीत नाही,
जातो म्हटलं की जातो.
म्हणूनच असेल,
उंबऱ्यात उभं राहून तीन वर्षं बोलत बसलो.

एक नंबरचं सील गळत होतं. ते येतं रॉटरडॅमजवळून.
फोनवर रेमको, वीस वर्षांची ओळख, तोंड कधी पाहिलं नाही.
म्हणाला, एडविन, हा भाव शुक्रवारपर्यंतच.
आणि शनिवारी?
बराच वेळ नुसता तारेतला आवाज.
मग म्हणाला, ते मी तुला विचारणार होतो.

शेजारची डाइवा कागद घेऊन आली.
अकरा वर्षं इथंच राहते, कोबी बांधते,
रात्रपाळीनं तिची बोटं पाण्यातल्यासारखी सुरकुतलेली;
ओळखीच्या माणसाची सही हवी होती.
तिच्या मातासला शाळेत कुणी म्हणालं, परत जा.
त्यानं विचारलं, किंग्ज लिनला?
तिथल्याच दवाखान्यात जन्मलाय.
मी हसलो. ती हसली नाही.
सही करताना म्हणालो, मी कुठं फुली मारली, विचार.
तिनं कागदाची घडी घातली,
पुन्हा उलगडली, नाव नीट वाचलं.
नाही विचारलं.

मुदत पुढं गेली. आणखी पुढं गेली.
सील आलं, तेव्हा पाऊस चार दिवस थांबला नव्हता
आणि कालव्यातलं गवत जाळीला गच्च बसलेलं.
मध्यरात्री भोंगा झाला.
बेरिलनं रेनकोट काढून दिला,
म्हणाली, एकट्यानं होणार नाही.
पाळीवरून परतणारी सायकल बांधावर थांबली.

एकोणतीस ऑक्टोबर. पहाटे तीन चाळीस.
पाणी उणे एक पूर्णांक चार. चढत होतं, आता थांबलंय.
वारा माहीत नाही.
एक नंबर चालू.
शेरा: सील बदललं. बॅटरी डाइवानं धरली.

खोडावं, असं वाटलं. वरच्या ऑफिसात कुणी वाचेल.
पण पेननं लिहिलं होतं.